वतनावर पाणी सोडलं, म्हणजे नक्की काय सोडलं?

ज्यांनी हा भाग ऐकला त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठीही, हा त्याचा लेखी मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट आपल्या भोर-वेल्ह्याची. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड तालुका झालंय, पण अजून सगळे वेल्हेच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार आहे.

साल १६५९. अफझलखान विजापुरातून निघालाय. मावळातल्या एकेका देशमुखाला आदिलशाही फर्मानं आली आहेत. रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे, भोरजवळच्या कारी गावचे, आपल्या पाच मुलांना घेऊन राजगडावर शिवाजी महाराजांकडे जातात. महाराज विचारतात, आमच्या बाजूने राहिलात तर वतन जाईल, काय करता? कान्होजी हातावर पाणी घेतात आणि वतनावर सोडतात.

हा प्रसंग आपण शाळेत ऐकलाय, पोवाड्यात ऐकलाय, रील्समध्ये मागे ढोल-ताशा लावून बघितलाय. पण एक प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. कान्होजींनी सोडलं ते नक्की काय? जमीन? पगार? पदवी? 'पाणी सोडलं' हा वाक्प्रचार आपण आज सुट्टीवर पाणी सोडलं, बोनसवर पाणी सोडलं, असा वापरतो. त्यामुळे त्या प्रसंगाचं वजनच आपल्याला कळत नाही.

याचं उत्तर मला लढायांच्या पुस्तकांत सापडलं नाही. ते सापडलं एका अशा इतिहासकाराकडे, ज्याने गाव, शेती, सारा आणि बलुतं यांच्यावर लिहिलं. त्यांचं नाव डॉ. अ. रा. कुलकर्णी.

कोण हे अ. रा. कुलकर्णी?

कुलकर्णी सरांनी पुणे विद्यापीठात इतिहास शिकवला. त्यांचं १९६९ साली आलेलं इंग्रजी पुस्तक, 'महाराष्ट्र इन द एज ऑफ शिवाजी', हे शिवकाळाच्या आर्थिक बाजूवर आहे. मराठीत 'शिवकालीन महाराष्ट्र', 'अशी होती शिवशाही' ही त्यांची पुस्तकं आहेत. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिला, त्या डफवरही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिलं. आणि आपल्या आजच्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'जेधे शकावली-करीना' त्यांनी संपादित केलं. त्याच्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

शिवकाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गड येतात. कुलकर्णी सर गडावरून खाली बघायला लावतात. तो गड ज्या खोऱ्याच्या जिवावर उभा होता, तिथे नांगर कोण धरत होतं? बैल कोणाचे होते? सारा किती, तो गोळा कोण करायचं, आणि त्यातला किती वाटेतच जिरायचा? हे प्रश्न कंटाळवाणे वाटतात खरे. पण स्वराज्य म्हणजे राज्य असेल, तर त्याला महसूल लागणार, आणि महसूल म्हटला की शेतकरी आला.

आपल्याकडच्या या कागदांनी परदेशातल्या अभ्यासकांनाही ओढलं होतं. हिरोशी फुकाझावा नावाच्या जपानी अभ्यासकाने मराठी कागद वाचून दख्खनच्या शेतकऱ्यांवर आणि बलुतेदारांवर आयुष्यभर काम केलं. जपानमधला माणूस आपल्या गावगाड्यासाठी एवढी मेहनत घेतो, आणि आपण आपल्याच गावाच्या शिवेवरचा दगड कशाचा हे विचारत नाही.

आधी खोरं समजून घ्या

बारा मावळ हा शब्द सगळ्यांना माहीत असतो. मावळ म्हणजे सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची नदीची खोरी. भोरकडे रोहिडखोरं आणि हिरडस मावळ, वेल्ह्याकडे तोरणा आणि राजगडाच्या पायथ्याचं गुंजण मावळ आणि कानदखोरं. पाऊस धो धो, पण जमीन उताराची आणि थोडी. भात, नाचणी, वरी. मोठं साम्राज्य पोसेल अशी ही जमीन नव्हेच.

प्रत्येक खोऱ्याला एक देशमुख घराणं. रोहिडखोऱ्याला जेधे, शेजारी उत्रवळीचे खोपडे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर. विजापूरचा बादशहा दूर, निजामशाही तर १६३६ साली संपलीच. रोजचं सरकार म्हणजे हे देशमुख. साऱ्याची वसुली त्यांच्यामार्फत, ओसाड जमिनीवर कुळं आणून बसवायची ती त्यांनी, खोऱ्याचं रक्षण करायला माणसं बाळगायची ती त्यांनी. या कामाच्या बदल्यात त्यांना महसुलात ठरलेला हक्क मिळायचा, इनाम जमीन मिळायची, आणि मान मिळायचा. हे सगळं वंशपरंपरेने. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे. याला म्हणायचं वतन.

गावात खाली आलात तरी तीच रचना. पाटील वतनदार. कुलकर्णी वतनदार. गावात पिढीजात जमीन असलेला शेतकरी मिरासदार; बाहेरून येऊन कसणारा उपरी. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग हे बलुतेदार, आणि त्यांचं कामही वतनच. खळ्यावर धान्याची रास पडली की प्रत्येकाचा वाटा ठरलेला.

आणि हे फक्त उत्पन्न नव्हतं. होळीला पहिली पोळी कोणाची, पोळ्याला पहिला बैल कोणाचा, लग्नात पहिला विडा कोणाला, हे सगळं वतनाने ठरायचं. या मानपानावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालायचे. डोकी फुटायची. मग गोतसभा भरायची, गावातले आणि आजूबाजूचे वतनदार, बलुतेदार जमायचे, साक्षी व्हायच्या, आणि निकालाचा कागद व्हायचा. त्याला महजर म्हणायचे. साक्षीपुराव्याने मिटलं नाही तर दिव्य करायचं, म्हणजे देवासमोर अग्नीची किंवा उकळत्या तेलाची परीक्षा द्यायची.

आता विचार करा. आज तुमची नोकरी गेली तर तुम्ही दुसरी शोधता. पत्ता बदलता, लिंक्डइनवर दोन ओळी बदलता, संपलं. वतन गेलं तर तुम्ही त्या गावचे कोणीच उरत नव्हता. मुलाला बायको कोणत्या घरातून येणार, पंगतीत पान कुठे मांडणार, मेल्यावर समाधी कुठे होणार, सगळं त्याला बांधलेलं. कान्होजींनी हातावर पाणी घेतलं तेव्हा ते स्वतःचं उत्पन्न सोडत नव्हते. आजोबा-पणजोबांनी कमावलेली आणि अजून न जन्मलेल्या पणतवांच्या वाट्याची ओळख ते सोडत होते. दान देताना हातावर पाणी सोडतात, कारण एकदा दिलेलं परत मागायचं नसतं. ते पाणी इथे सोडलं गेलं.

कारीच्या वाड्यातला कोरडा कागद

हे आपल्याला कळलं कशावरून? इथे जेधे शकावली येते.

कारीच्या जेधे घराण्याकडे एक जुनं टिपण होतं. ते लोकमान्य टिळकांपर्यंत पोहोचलं आणि १९१६ साली प्रसिद्ध झालं. शकावली म्हणजे शकाप्रमाणे, वर्षाप्रमाणे लावलेल्या नोंदी. ही शकावली शके १५४० ते १६१९, म्हणजे साधारण १६१८ ते १६९७ या काळातली आहे. अमुक शक, अमुक महिना, अमुक तिथी, अमुक घडलं. रडणं नाही, जयजयकार नाही. एक ओळ, पुढची ओळ.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्याकडे सर्व्हर काय काय करतो त्याची वेळेसकट नोंद आपोआप होत असते, तिला लॉग म्हणतात. लॉग कोणी आवडीने वाचत नाही. पण रात्री २ वाजता सगळं बंद पडलं की सगळे त्याच्याकडेच धावतात, कारण मीटिंगमध्ये प्रत्येक जण आपापली कहाणी सांगतो आणि लॉग फक्त वेळ सांगतो. शकावली वाचताना मला तेच आठवत राहिलं.

हिच्यामुळे काय झालं बघा. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा, असं तोवर बरेच जण धरून चालले होते. शकावलीत निघाली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एका कागदावर कोण विश्वास ठेवणार? पण कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात तीच तिथी आहे, आणि पुढे जोधपूरला सापडलेल्या जन्मकुंडलीनेही तीच पुष्टी केली. कारीतलं घरगुती टिपण, एका कवीचं काव्य आणि राजस्थानातली कुंडली. तीन वेगवेगळ्या जागांहून एकच तारीख. आज १९ फेब्रुवारीला तुम्ही जी सुट्टी घेता, तिच्यामागे भोर तालुक्यातल्या एका घराने जपलेला कागद आहे.

अशीच एक गोष्ट अमेरिकेतली. लॉरेल थॅचर उलरिक या इतिहासकार बाईंनी मार्था बॅलर्ड नावाच्या एका सुईणीच्या डायरीवर पुस्तक लिहिलं. मेन प्रांतातल्या हॅलोवेल गावची ही सुईण १७८५ ते १८१२ अशी २७ वर्षं रोज दोन-चार ओळी लिहीत होती. आज हवा कशी, कोणाकडे बाळंतपण, किती पैसे मिळाले, किती सूत कातलं. आधीच्या अभ्यासकांनी ती डायरी, यात काही दम नाही, म्हणून बाजूला ठेवली होती. उलरिकबाईंनी त्या कोरड्या नोंदी मोजल्या, जोडल्या. ८१६ बाळंतपणं. त्यातून क्रांतीनंतरच्या अमेरिकेतलं एक अख्खं गाव उभं राहिलं, ज्यात बायकांची कमाई होती, कर्ज होती, भांडणं होती. त्या पुस्तकाला १९९१ साली पुलित्झर मिळालं.

घराण्याचा कागद तपासून वाचायचा

शकावलीबरोबर करीना आहे. करीना म्हणजे घराण्याची सविस्तर हकिकत. शहाजीराजांना १६४८ साली जिंजीच्या स्वारीत कैद झाली, तेव्हा कान्होजीही त्यांच्याबरोबर होते. १६४९ साली सुटका झाल्यावर शहाजीराजांनी त्यांना मावळात शिवाजीराजांकडे पाठवलं. वतनावर पाणी सोडल्याचा प्रसंग याच करिन्यातून येतो.

इथे जरा थांबू. करीने मुळात का लिहिले जायचे? बऱ्याचदा वतनाच्या हक्कासाठीच. आमचं घराणं केव्हापासून, आम्ही राज्यासाठी काय केलं, कोणाशी तंटा झाला, हे मांडायला. म्हणजे गंमत बघा. वतन सोडल्याची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याला अशा प्रकारच्या कागदात मिळते, जो घराण्याचा हक्क सांगायला लिहितात.

मग गोष्ट खोटी का? तसं नाही. इतिहासकार इथे दुसरा कागद शोधतो. १६ जून १६५९ चं आदिलशाही फर्मान कान्होजी जेध्यांच्या नावाने आहे. त्याचा आशय असा, की अफझलखानाला नेमलं आहे, त्याच्या सांगण्याप्रमाणे वागा, शिवाजीच्या माणसांना थारा देऊ नका. हा कागद विजापूरच्या बाजूचा. जेध्यांचं कौतुक करायचं त्याला काही कारण नाही. आणि कान्होजी पुढे कोणाच्या बाजूने लढले हे तर प्रतापगडाने ठरवलंच. राजगडावरचे नेमके शब्द घराण्याच्या आठवणीतून आलेत, पण समोरचा धोका दुसऱ्या बाजूच्या कागदाने पक्का होतो. दोन वेगळ्या सर्व्हरवरचे लॉग जुळले, तर आम्ही पुढे जातो. तसंच हे.

याच वेळी शेजारच्या खंडोजी खोपड्यांनी काय केलं? ते अफझलखानाला जाऊन मिळाले. पुढे सापडले, एक हात आणि एक पाय तोडण्याची शिक्षा झाली. आपण त्यांना फितूर म्हणून मोकळे होतो. पण कुलकर्णी सरांची पुस्तकं वाचल्यावर त्यांचं गणितही कळायला लागतं. देशमुखीवरून भावकीत आणि शेजाऱ्यांत जुने वाद. आदिलशाही म्हणजे स्थापित सत्ता, सही-शिक्का तिचा. वतन टिकवायचं तर शिक्का ज्याचा त्याच्या बाजूला जा, हा वतनदाराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शहाणपणा. खोपड्यांनी त्या जगाचा नियम पाळला. कान्होजींनी तो मोडला.

खोपडे तेवढे वाईट आणि जेधे तेवढे चांगले, असं सांगितलं की कान्होजींचं मोठेपण उलट कमी होतं. त्यांच्यासमोर सोपा, शहाणा, सगळे घेतात तो रस्ता होता. तो माहीत असून त्यांनी घेतला नाही.

महाराजांनी वतनाचं काय केलं?

वतन रद्द केलं का? नाही. ते त्या काळात शक्यही नव्हतं. पण वतनदाराचे हात बांधले. सभासदाची बखर सांगते, की देशमुख-पाटील गावातून भरमसाट गोळा करायचे आणि सरकारात थोडंच भरायचे. वाड्यांना कोट-बुरूज बांधून माणसं बाळगायचे. महाराजांनी ते बुरूज पाडायला लावले, इतरांसारखं साधं घर बांधून राहा म्हणाले, आणि हक्क किती घ्यायचा तो ठरवून दिला. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये जो माणूस बसला होता, त्याला थोडं बाजूला सरकवलं.

त्याच्या जागी काय आणलं? ५ सप्टेंबर १६७६ चं प्रभावळीच्या सुभेदाराला, रामाजी अनंत यांना लिहिलेलं पत्र आहे. आशय असा. गावोगाव फिर. ज्याच्याकडे कष्ट करायची ताकद आहे पण बैल नाहीत, त्याला बैलांसाठी पैसे दे. पोटाला धान्य नसेल तर धान्य दे. वाढीदिढी, म्हणजे व्याज, न लावता मुद्दल हळूहळू, त्याला झेपेल तसं घे. हे पत्र कोकणच्या सुभ्याचं आहे, पण यातली रीत मावळात आधीच रुजली होती. १६३०-३२ च्या दुष्काळाने ओस पडलेली जमीन दादोजी कोंडदेवांच्या काळात कौल देऊन, सुरुवातीला सारा कमी ठेवून, पुन्हा लागवडीला आणली गेली होती.

आणि याच मातीतला एक प्रसिद्ध कागद. रांझे गाव, आजच्या भोर तालुक्यातलं, खेड शिवापूरच्या जवळ. २८ जानेवारी १६४६ चं पत्र. रांझ्याचा पाटील बाबाजी भिकाजी गुजर याचे हात-पाय तोडले. हे आपण सगळे जाणतो, स्त्रीवर अत्याचार केला म्हणून. मूळ पत्र बघितलं तर गुन्ह्यासाठी 'बदअमल' असा एकच मोघम शब्द आहे. आणि पुढचा मजकूर कशाबद्दल आहे? पाटीलकीबद्दल. ती काढून घेतली, आणि त्याच्याच गोतातल्या सोनजी गुजर यांना दिली.

म्हणजे न्यायाचा म्हणून आपण जो कागद मिरवतो, तो कागद म्हणून वतनाचा आहे. म्हणूनच तो टिकला, कारण सोनजीच्या घराण्याला तो पिढ्यान्‌पिढ्या जपायची गरज होती. महाराज तेव्हा १६ वर्षांचेही नव्हते, आणि त्यांनी वतनदाराला दाखवून दिलं, की वतन असलं म्हणून काहीही खपणार नाही. माझ्या मते त्या पत्रातला खरा धक्का तो आहे. आणि जिच्यासाठी हे झालं असं आपण म्हणतो, तिचं नाव, तिचं घर, तिचं पुढे काय झालं, त्यातलं काहीही त्यात नाही. वतन नसलेल्या माणसासाठी कागद होत नव्हता.

एकच शब्द, दोन घरं

आता सगळ्यात अवघड भाग. वतन हा शब्द जेध्यांच्या वाड्यावर अभिमानाचा होता. गावाच्या दुसऱ्या टोकाला, महारवाड्यातही तोच शब्द होता.

गावाची शीव कुठून जाते, हे महार सांगायचा. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष वजनदार. जमीन सगळ्यात जास्त त्याच्या पायाखालून गेलेली असायची. गावाचा रखवालदार तो, निरोप्या तो, सारा पोहोचवायला बरोबर जाणारा तो. या कामाबद्दल थोडी इनाम जमीन, बलुतं आणि काही हक्क. हेही वतन. पण पाटलाचं वतन त्याला मान देत होतं, आणि महाराचं वतन त्याला दिवस-रात्र राबायला बांधून ठेवत होतं. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची, त्याला त्याच गावाच्या आत राहता येत नव्हतं.

अमेरिकेत एडमंड मॉर्गन नावाच्या इतिहासकाराने १९७५ साली असाच अडचणीचा प्रश्न विचारला होता. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे, जॉर्ज वॉशिंग्टनसारखे सेनापती, हे व्हर्जिनियातले गुलाम बाळगणारे जमीनदार कसे? त्यांचं म्हणणं असं, की तिथलं स्वातंत्र्य आणि गुलामी एकाच मातीत, एकमेकांच्या आधाराने वाढली. यामुळे अमेरिकेची क्रांती खोटी ठरली नाही. ती कोणापर्यंत पोहोचली आणि कोणापर्यंत नाही, एवढं स्पष्ट झालं.

आपल्याकडे? संभाजी महाराजांनंतरच्या धामधुमीत, राजाराम महाराजांच्या काळात, सरदारांना आपल्याकडे ठेवण्यासाठी मोगलांनी आणि मराठ्यांनी दोघांनीही वतनं वाटली. पुढे आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांना सावध करावं लागलं, की हे वतनदार म्हणजे जणू छोटे राजेच आहेत. वतन पुन्हा घट्ट झालं. भोरला पंत सचिवांचं संस्थान झालं, ते १९४८ साली विलीन झालं, तोवर गावगाडा तसाच चालू होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडलं. तेव्हा ते मंजूर झालं नाही. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गावकामगार वतनं १९५८ च्या कायद्याने, पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. कान्होजींनी १६५९ साली जे स्वतःच्या मनाने सोडलं, ते सगळ्यांसाठी सुटायला पुढची ३०० वर्षं लागली. आणि आजही सातबाऱ्यावर 'वतन', 'इनाम वर्ग' असे शब्द निघाले, की तहसील कचेरीत हेलपाटे सुरू होतातच.

म्हणून मला वाटतं, कुलकर्णी सरांसारख्यांनी लिहिलेला हा गावाचा, साऱ्याचा इतिहास म्हणजे गडांच्या इतिहासाला जोडलेलं परिशिष्ट नाही. स्वराज्याने नक्की काय बदललं आणि काय तसंच राहिलं, हे त्याच्याशिवाय मोजताच येत नाही.

शंका घेतली म्हणजे अपमान होतो का?

भोरमध्ये रायरेश्वर आहे. १६४५ ची शपथ, आणि त्याच वर्षाचं दादाजी नरस प्रभू यांना लिहिलेलं 'हिंदवी स्वराज्य' शब्द असलेलं पत्र. या पत्राच्या अस्सलपणाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. हे वाक्य ग्रुपवर टाकलंत तर दहा मिनिटांत तुम्हाला देशद्रोही ठरवतील. पण मतभेद म्हणजे काय? कागद कोणता, अक्षर कोणाचं, शब्द त्या काळातले आहेत का, मूळ आहे की नक्कल, हे तपासणं. जन्मतारखेच्या वेळी अशीच तपासणी झाली, म्हणून १९ फेब्रुवारी आज एवढी पक्की आहे. तपासणी नकोच असं म्हटलं असतं, तर आपण अजून १६२७ वरच असतो.

रायरेश्वराच्या पठारावर उभं राहून अंगावर काटा येतो, तो येऊ द्या. ती श्रद्धा वेगळी आणि कागदाचा निर्णय वेगळा. एकाच माणसात दोन्ही मावतात.

तुमच्या माळ्यावर काय आहे?

आता जाता जाता कामाचं. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, त्यात मावळातल्या देशमुख घराण्यांचे कागद आहेत. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू झालं. त्या पिढीने खेडोपाडी पायपीट करून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली दप्तरं, गोळा केली. पण सगळं त्यांच्या हाती लागलं नाही. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी ही धरणं झाली, गावं उठली. वाडे पडले. मुलं पुण्या-मुंबईला आली. माळ्यावरची पेटी कुठे गेली, हे आज्जीलाच माहीत.

तर गणपतीला गावी गेलात की विचारा. मोडीतले कागद निघाले तर एवढं करा. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. रुमाल सोडलात तर कागदांचा क्रम मोडू नका, कोणता कागद कोणाबरोबर होता हीच अर्धी माहिती असते. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. शिक्के आणि नोंदी बऱ्याचदा मागच्या बाजूला असतात. कागद कोणाच्या घरातला, हे फोटोच्या नावात लिहून ठेवा. मोडी वाचणारी माणसं पुण्यात आहेत, मोडीचे वर्गही चालतात, सदाशिव पेठेत मंडळ आहे. आणि वाचून घेण्याआधी फॅमिली ग्रुपवर टाकू नका. तीनशे वर्षांपूर्वीचा बांधाचा तंटा निघाला, तर भावकी आजच्या आज जागी होईल!

तुमचं घराणं देशमुखाचं नसेल, कागदच नसेल, तरी विचारा. बलुतं किती मिळायचं, कोणाच्या खळ्यावर जायचे, शीव कोणी दाखवायची, वतन गेलं तेव्हा घरात कोणाला आनंद झाला आणि कोण रडलं. हे सांगणारी शेवटची माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. फोनमध्ये रेकॉर्डर आहेच. आज्जीला शेजारी बसवा आणि बटण दाबा.

सापडलं काही तर मला नक्की कळवा. पुढच्या भागात गुंजण मावळात जाऊ. भेटू मग, काळजी घ्या.